थंडीच्या दिवसांत गाडीचा रंग का बिघडतो?

डिसेंबर-जानेवारी उजाडला की नाशिक, निफाड, मालेगाव, धुळे या पट्ट्यातील गॅरेजमध्ये एकच तक्रार ऐकू येते. रंग वाळत नाही, आणि वाळला तर चमकत नाही. गिऱ्हाईक म्हणते, हलका रंग मारला. पेंटर म्हणतो, थिनर भेसळीचा निघाला. पैसे अडकतात, काम पुन्हा करावे लागते आणि चार-पाच दिवसांची मजुरी बुडते. पुष्कळदा दोष ना रंगाचा असतो ना थिनरचा. तो गारठ्याचा असतो. निफाडला पारा कित्येकदा ५ अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, त्याच हवेत गाडीचा पत्राही रात्रभर उभा असतो.

हल्ली मोटारींना बहुधा हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग वापरतात. त्यातले थिनर उडाले म्हणजे रंग वाळला, असे नाही. रंग आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया होऊन थर घट्ट होतो आणि ही क्रिया उष्णतेवर चालते. २०-२५ अंशांत जे एका रात्रीत होते, त्याला १० अंशांत दुप्पट किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. ५ अंशांच्या आसपास क्रिया जवळजवळ थांबते. साधा इपॉक्सी प्रायमर तर १० अंशांखालीच रुसतो.

यावर कारागिरांचा आवडता उपाय म्हणजे हार्डनर जास्त ओतणे. तो करू नये. डब्यावर ४ ला १ लिहिले असेल तर ४ ला १च घ्यावे. थंडीसाठी जलद हार्डनर वेगळा मिळतो, तो मागावा. लांबीचेही तेच. तिच्यात साधारण २ टक्के हार्डनर पुरतो; जास्त झाला की तो वरच्या रंगातून डाग होऊन बाहेर येतो, आणि तोवर गाडी गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचलेली असते!

थंडीत डब्यातला रंगही घट्ट होतो. मग थिनर वाढवला जातो, कोट पातळ पडतो, ओघळ येतात. त्यापेक्षा डबा कोमट पाण्याच्या घमेल्यात थोडा वेळ ठेवावा. स्टोव्हवर मात्र कदापि नाही.

खरी गोम दवाची आहे. हवा १५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर साडेअकरा अंशांपर्यंत गार झालेल्या पत्र्यावर पाणी धरते. उघड्यावरचा पत्रा रात्री हवेपेक्षाही गार होतो. म्हणून पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश अधिक गरम असावा, म्हणजे या उदाहरणात साडेचौदा. हवेचे तापमान पाहून भागत नाही, पत्र्याचेच मोजावे. त्यासाठीचा इन्फ्रारेड तापमापक आता फार महाग राहिलेला नाही. थिनर उडतानाही पत्रा आणखी गार होतो. जुन्या ड्यूको पद्धतीच्या रंगावर पांढरट झाक येते ती त्यामुळेच. दमट हवेत अशा रंगाला फार जलद थिनर घातला तर झाक वाढतेच. तिथे रिटार्डर लागतो.

आपल्याकडे एक सोय आहे. पहाटे कितीही गारठा असला तरी दुपारी ऊन चांगले तापते. सकाळी घासकाम, पाणीपेपर, मास्किंग उरकावे आणि फवारणी साधारण ११ ते ३ या वेळेत करावी. दोन कोटांत अंतर वाढवावे, नाहीतर अडकलेले थिनर पुढे बारीक छिद्रे पाडते. ताजी रंगवलेली गाडी त्या रात्री उघड्यावर ठेवू नये. दव पडले की चकाकी गेलीच.

शटर ओढून आत रॉकेलचा स्टोव्ह किंवा गॅसची शेगडी पेटवण्याची पद्धत फार वाईट. जळणाऱ्या इंधनातून पाण्याची वाफ निघते, म्हणजे जे टाळायचे तेच होते. शिवाय थिनरच्या वाफा एका ठिणगीत पेट घेतात. हॅलोजन दिव्याने पत्रा आधी तापवावा, फवारणीच्या वेळी दिवा बंद, आणि वाफा पूर्ण निघून गेल्यावरच पुन्हा चालू. बंद जागेत हार्डनरमधील आयसोसायनेट छातीत जाते. त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क सर्वांत बरा.

राहिला हिशोब. हिवाळ्यातल्या अंदाजपत्रकात दोन दिवस जादा धरून ते गिऱ्हाइकाला आधीच लिहून द्यावेत. लग्नसराईत गाडीची घाई असतेच, पण तारीख कागदावर असली की शनिवारी संध्याकाळी ओल्या रंगाची गाडी हातात द्यावी लागत नाही.