राजपुत्राची सावली

जुना व्हिडिओ गेम नव्या पिढीपुढे आणण्याचे दोन मार्ग आहेत. रिमास्टरमध्ये मूळ गेम तोच राहतो. चित्रे स्वच्छ होतात, आवाज सुधारतो, पडद्याचे माप आजचे होते. रिमेकमध्ये कथा आणि पात्रे ठेवून बाकीचे सारे पायापासून पुन्हा बांधतात. जाहिरातीत या दोन शब्दांची सर्रास अदलाबदल होते, ते सोडून द्यावे. खरी अडचण दोन्हीकडे एकच: जुन्या गेममध्ये जे अवघडलेले दिसते ते यंत्राच्या दुबळेपणामुळे तसे राहून गेले, की तोच त्या गेमचा जीव होता, हे ठरवायचे कसे?

'प्रिन्स ऑफ पर्शिया' जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये अ‍ॅपल टू संगणकासाठी केला. राजपुत्राची धाव आणि उडी खरी वाटावी म्हणून त्यांनी धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला लावले, त्याचे चित्रण केले आणि एकेक चौकट संगणकात उतरवली. या चौकटींनीच मेमरी भरून गेली. राजपुत्राला तोडीस तोड प्रतिस्पर्धी हवा होता, पण त्याची चित्रे ठेवायला जागाच उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राचेच चित्र जरासे सरकवून स्वतःवर असे चढवले की दोन्हीतले सारखे बिंदू पुसले जावेत आणि कडा तेवढ्या लुकलुकत राहाव्यात. त्यातून सावली जन्मली. चौथ्या लेव्हलला राजपुत्र आरशातून उडी मारतो तेव्हा ती बाहेर पडते, पुढे त्याच्या वाट्याचे औषध पिऊन टाकते आणि अखेर तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर केलेला वार स्वतःलाच लागतो. तलवार म्यान करून सरळ तिच्याकडे चालत गेले की दोघे एक होतात. मेमरी मुबलक असती, तर त्या जागी एखादा साधा शत्रू आला असता, असे मानायला हरकत नाही.

१९९९च्या 'सायलेंट हिल'मधले धुकेही अडचणीतूनच आले. प्लेस्टेशनला दूरवरचे रस्ते आणि घरे काढणे झेपत नव्हते, म्हणून थोड्या अंतरापलीकडचे सगळे धुक्यात आणि अंधारात बुडवले; भीतीचा अर्धा कारभार मग त्या धुक्यानेच सांभाळला. २००४च्या 'जीटीए: सॅन अँड्रियास'मध्येही लांबचे दृश्य धुरकट असे. २०२१च्या सुधारित आवृत्तीत ते लख्ख झाले. डोंगरमाथ्यावर उभे राहिले की शहरे, वाळवंट, जंगल सारे एका नजरेत मावू लागले आणि अफाट वाटणारे राज्य तालुक्याएवढे उरले.

म्हणून रिमेक नकोच, हा हट्ट मात्र टिकत नाही. १९९८च्या 'रेसिडेंट इव्हिल २'मध्ये कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात टांगल्यासारखा स्थिर असे आणि वरचे बटण दाबले की पात्र त्याच्या स्वतःच्या नाकासमोर चालू लागे. पात्राचे तोंड खेळणाऱ्याकडे असेल, तर वरचे बटण त्याला खाली आणणार! त्या काळच्या खेळाडूंनी हे अंगवळणी पाडले. आज पहिल्यांदा खेळणारा सुरुवातीच्या रस्त्यावरच झोंबींच्या तावडीत सापडतो. २०१९च्या रिमेकमध्ये कॅपकॉमने कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आणला. गोळ्यांची चणचण आणि पोलिस ठाण्याचा भुलभुलैया मात्र तसाच ठेवला. काय बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही, याची जाण असलेला हा रिमेक आहे.

नाटकाला असा पेच पडत नाही. संहिता जागेवर राहते, नट आणि नेपथ्य बदलून नवा प्रयोग होतो, आणि जुन्याचे काही बिघडत नाही. गेमची संहिता मात्र यंत्राला चिकटलेली. कन्सोल अडगळीत गेला की गेमही जातो. अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३च्या अभ्यासात आढळले. अशा वेळी नवी आवृत्ती आली म्हणून जुनी काढून घेणे, हा खरा अपराध. 'जीटीए'च्या बाबतीत तेच झाले. ओरड झाल्यावर कंपनीने माफी मागून जुन्या आवृत्त्या संगणकासाठी परत आणल्या. २०२४च्या 'टूम रेडर' रिमास्टरने याहून शहाणा मार्ग काढला: एक बटण दाबले की नव्या चित्रांच्या जागी १९९६ची ओबडधोबड, कोनाकोनांची नायिका लारा हजर, आणि चालवण्याची पद्धतही जुनी किंवा नवी, हवी ती.

रिमेक म्हणजे तयार आराखड्यावर रंगकाम, हा समजही खोटा. २००३चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओचा. त्याच्या रिमेकचे काम कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आले, सप्टेंबर २०२० मध्ये घोषणाही झाली. पहिली झलक पाहून अनेकांनी चित्रांवर नाके मुरडली, तारीख पुढे जात राहिली आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलला परत गेले.

कधी कधी तर आराखडाच हाती नसतो. २०१२ मध्ये 'सायलेंट हिल'चा दुसरा आणि तिसरा भाग नव्या रूपात आणताना अंतिम सोर्स कोड मिळाला नाही. अर्धवट कोडवर काम करावे लागले आणि आधीच सोडवलेल्या चुका पुन्हा उगवल्या. मेकनर यांचा कोडही कित्येक वर्षे बेपत्ता होता. त्याच २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जुन्या संगणकांच्या जाणकारांनी त्या वाचून काढल्या, आणि मेकनर यांनी तो सगळा कोड इंटरनेटवर खुला करून टाकला.