विश्लेषण : वडराईपुढे अडकलेला तराफा आणि तटरक्षक दलाचे ‘सम्राट’

तौक्ते चक्रीवादळात मे २०२१ मध्ये ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ हा तराफा वाहत येऊन पालघरजवळ वडराईच्या समुद्रातील खडकांवर अडकला. त्यावर १३७ जण होते. मदतीला निघालेल्या जहाजांत तटरक्षक दलाचे ‘सम्राट’ होते. तरीही माणसांना उचलले ते हेलिकॉप्टरने. एवढे मोठे जहाज असताना असे का झाले, हे समजण्यासाठी ते जहाज कशासाठी बांधले गेले हे पाहावे लागते.

‘सम्राट’ कुठे बांधले?

वास्को येथील गोवा शिपयार्डमध्ये. झुआरीकाठचा हा कारखाना १९५७ मध्ये पोर्तुगीज राजवटीत सुरू झाला. तटरक्षक दलासाठी मोठी गस्तीजहाजे बांधण्याची इथली मालिका १९९६ च्या ‘समर’पासून सुरू होते. ‘संग्राम’, ‘सारंग’, ‘सागर’, ‘संकल्प’ आणि मग ‘सम्राट’. नावे सगळी ‘स’वरूनच. आधी पोलादी पत्रे कापून सांगाडा उभा राहतो, तो पाण्यात उतरतो, आणि त्यानंतर इंजिने, केबल, रडार बसवण्याचे खरे किचकट काम सुरू होते. मग भरसमुद्रात चाचण्या. जहाज सेवेत दाखल होते ते यानंतरच.

‘सम्राट’ जानेवारी २००९ मध्ये दाखल झाले. लांबी सुमारे १०५ मीटर, वेग तासाला २३ सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे साधारण ४२ किलोमीटर. सावकाश चालवले तर इंधन पुन्हा न भरता ६,५०० सागरी मैल जाऊ शकेल, असा त्याचा आराखडा. मागच्या बाजूला हेलिकॉप्टर उतरवण्याची सोय, शिवाय छोट्या वेगवान बोटी.

तो काळ कोणता होता?

मुंबईवरील हल्ल्याला जेमतेम दोन महिने झाले होते. दहशतवादी ‘कुबेर’ या पोरबंदरच्या मच्छीमार ट्रॉलरचे अपहरण करून समुद्रमार्गे आले होते. पालघर-डहाणूच्या कोळ्यांना त्यानंतर ओळखपत्रे आणि बोटींची तपासणी नवी राहिली नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे प्रादेशिक समुद्राच्या, सुरक्षेची जबाबदारीही तटरक्षक दलाकडे आली. वास्तविक हे दल १९७७-७८ मध्ये उभे राहिले ते तस्करी रोखण्यासाठी आणि २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रावर नजर ठेवण्यासाठी. बॉम्बे हायमध्ये १९७४ ला तेल सापडल्यावर ती गरज आणखी वाढली. लगेच पुढचे संकट सोमाली चाच्यांचे. २०११ च्या सुरुवातीला लक्षद्वीपजवळ ‘प्रांतलय’ नावाच्या दोन बोटी पकडल्या गेल्या, त्या कारवायांत नौदलाबरोबर याच मालिकेतील ‘संकल्प’ आणि ‘समर’ होती.

मग वडराईला जहाज जवळ का गेले नाही?

कारण ‘सम्राट’सारखे जहाज खोल पाण्यासाठी आहे. त्याचा बराच भाग पाण्याखाली असतो. वडराई, केळवे, सातपाटीचा किनारा उथळ आणि खडकाळ. ओहोटीला इथल्या होड्याही चिखलात बसतात, हे सातपाटीकराला सांगावे लागत नाही. वादळात तिथे शिरलेले जहाज स्वतःच अडकले असते आणि एका संकटाची दोन झाली असती.

१७ मे रोजी तराफ्याची वीज बंद पडली होती आणि तो भरकटत कुलाब्याच्या उत्तरेला सुमारे ४८ सागरी मैलांवर जाऊन अडकला. आपत्कालीन टोइंग जहाज ‘वॉटर लिली’, दोन सहायक जहाजे आणि ‘सम्राट’ यांना त्याला ओढून सुरक्षित जागी नेण्यासाठी पाठवण्यात आले. पण खडकात बसलेला तराफा ओढणे वेगळे आणि त्यावरची माणसे वाचवणे वेगळे. १८ मे रोजी तटरक्षक दल आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी दोरावरून एकेकाला वर घेतले. चेतकसारख्या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये एका फेरीत मोजकीच माणसे मावतात, त्यामुळे फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. सर्व १३७ जण वाचले.

त्याच वादळात मुंबईपासून दूर भरसमुद्रात बुडालेल्या ‘पी-३०५’ तराफ्यावर २६१ जण होते, वाचले १८६. तिथे रात्रभर लाटांत माणसे शोधणारी मोठी जहाजेच कामी आली. दोन्ही ठिकाणी वादळ एकच होते, तरी बचावाची साधने वेगळी लागली.

वडराईचे प्रकरण माणसे उतरवून संपले नाही. तराफा पुढे तिथेच अडकून राहिला आणि त्यातील डिझेलच्या गळतीने किनाऱ्यावरचे मच्छीमार धास्तावले. पापलेटसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात तेलाचा तवंग म्हणजे थेट पोटावर पाय.

समुद्रात अडकल्यास काय करावे?

तटरक्षक दलाचा शोध-बचावासाठीचा मोफत क्रमांक १५५४ आहे. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर जाते. त्यापुढे व्हीएचएफ संचावर चॅनल १६ आणि बोटीवर बसवलेले संकटसूचक यंत्र यांचाच आधार. हे यंत्र उपग्रहामार्फत बोटीचे ठिकाण कळवते.