प्रोस्टेटची गोळी आणि रक्ताचा आकडा



वय वाढले की पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी मोठी होऊ लागते. रात्री दोन-तीनदा उठावे लागते, लघवीची धार बारीक होते. बहुधा ही साधी वाढ असते, कर्करोग नव्हे. तिच्यासाठी अनेकांना फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड हे औषध देतात. हे औषध काय करते आणि ते घेणाऱ्याने रक्त तपासताना काय सांभाळावे, ते पाहू.

आपले पूर्वज कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. घाण्यात तीळ घातले की तेल निघते. घाणा मात्र तसाच राहतो, पुढच्या तिळांसाठी तयार. आपल्या शरीरातही असे असंख्य सूक्ष्म घाणे आहेत. त्यांना एंझाइम म्हणतात. त्यांपैकी ‘फाइव्ह अल्फा रिडक्टेज’ हे एंझाइम टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचे अधिक जोरदार हार्मोन बनवते आणि त्याच्यामुळे प्रोस्टेट वाढते. औषध या घाण्यात खुंटी अडकवते. डीएचटी कमी होते व ग्रंथी हळूहळू आकसते.

ही कल्पना सुचली कशी? डॉमिनिकन रिपब्लिक या देशात काही कुटुंबांतील पुरुषांत हे एंझाइम जन्मतःच कमी असते. त्यांची प्रोस्टेट आयुष्यभर लहान राहते. डॉ. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली या कुटुंबांवरील संशोधन प्रसिद्ध केले. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेत फिनास्टेराइडला मान्यता मिळाली.

मग साहजिकच प्रश्न आला, या गोळीने कर्करोगही टळेल का? अमेरिकेत १८,००० हून अधिक पुरुषांवर सात वर्षांची चाचणी झाली. २००३ साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळला, पण उग्र प्रकारचा कर्करोग किंचित जास्त दिसला. पुढे २०१३ च्या पाहणीत दोन्ही गटांतील माणसे जवळजवळ सारखीच जगल्याचे दिसले. म्हणून कर्करोग टाळण्यासाठी ही गोळी सर्रास देत नाहीत.

आता महत्त्वाची गोष्ट. प्रोस्टेटची तपासणी करताना रक्तातील पीएसए मोजतात. ही गोळी सहा महिने ते वर्षभर घेतली की पीएसए सुमारे निम्मा होतो. म्हणजे कागदावर ३ दिसला, तर तो साधारण ६ समजावा लागतो. डॉक्टरांना गोळीची माहिती नसेल, तर आकडा ठीक वाटतो आणि लपलेला कर्करोग नजरेतून सुटू शकतो. गोळी चालू असताना पीएसए वाढू लागला, तर तो मर्यादेत असला तरी डॉक्टरांना दाखवावा. केसांसाठी घेतलेल्या फिनास्टेराइडच्या लहान गोळीनेही पीएसए उतरतो.

कुपत खोलीमचे डॉक्टर बदलतात, एकच औषध निरनिराळ्या नावांनी मिळते. तेव्हा तपासणीला जाताना सगळ्या औषधांची खोकी पिशवीत घालून न्या आणि गोळी कधीपासून चालू आहे तेही सांगा. मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नका. भगिनींनो, आपली पुरुषमंडळी या विषयावर बोलायला लाजतात. खोके पिशवीत ठेवण्याचे काम तुम्हीच केलेले बरे!