पालकातलं कॅल्शियम पालकातच राहतं

अमेरिकेत बॉक्स टर्टल पाळणाऱ्या मराठी घरांत एक सल्ला हटकून मिळतो : ‘पालक द्या, त्याच्याइतकी पौष्टिक भाजी दुसरी नाही.’ हा सल्ला इतक्या मायेने दिला जातो की खोडून काढणं जिवावर येतं. पण ज्याचं कवचच हाडाचं आहे, त्या प्राण्याला रोजचा आहार म्हणून पालक घालणं चूक आहे.

गैरसमज टिकतो तो आकड्यांमुळे. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात 100 ग्रॅम कच्च्या पालकात कॅल्शियम 99 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस 49. म्हणजे दोनास एक, पशुवैद्य सांगतात तेच प्रमाण! मग बिघडतं कुठे? ऑक्सलेटपाशी. कच्चा अळू घशाला खाजतो तो याच्याच सुयांमुळे, चुका आंबट लागतो तो याच्याच आम्लामुळे. पालकातलं ऑक्सलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ही जोडी न विरघळता शरीराबाहेर जाते. हीनी आणि वीव्हर या संशोधकांनी 1988 साली मोजून दाखवलं : दुधातलं सुमारे 28 टक्के कॅल्शियम अंगी लागलं, पालकातलं जेमतेम 5 टक्के. दोन वर्षांनी केल या पाल्याचं मोजमाप झालं, ते 41 टक्के भरलं. प्रयोग माणसांवरचे होते, हे खरं. पण कॅल्शियम आणि ऑक्सलेटची बरीचशी गाठ पानातच बसलेली असते, मग ते पान कोणीही खावो. कॅल्शियम कमी पडलं की कासवाचं शरीर ते स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं. जबडा आणि कवच मऊ पडू लागतं. तक्त्यातला आकडा वाचून पोट भरत नाही, हे किती वेळा सांगायचं?

चाकवत, माठ, चुका हीसुद्धा याच गटातली. आता कोणी घाबरून एखादं पालकाचं पान विष समजू नये, अधूनमधून चालतं. रोजच्या ताटलीत मात्र कोलार्ड असावं (कॅल्शियम 232, फॉस्फरस 25), शलगमचा पाला (190 आणि 42), मोहरीचा पाला, जो भारतीय दुकानात सरसों म्हणून मिळतो, आणि डँडेलियन (187 आणि 66). तण म्हणून लोक अंगणातून उपटून फेकतात, तेच हे डँडेलियन. तणनाशक फवारलेलं नसलं म्हणजे झालं.

आइसबर्ग लेट्यूस ‘हलकं’ म्हणून देतात. त्यात सुमारे 96 टक्के पाणी असतं, आणि अ जीवनसत्त्व रोमेन लेट्यूसच्या सतराव्या हिश्शाच्या आसपास. अ जीवनसत्त्व कमी पडलं की बॉक्स टर्टलच्या पापण्या सुजतात, कानात गळू होतं आणि ते शस्त्रक्रिया करून काढावं लागतं.

पालकासारखाच कोबीही पूर्ण बंद करायची गरज नाही. फक्त रोज तोच नको.

‘वरून कॅल्शियमची पूड भुरभुरली की कुठलाही पाला चालतो’ हेही खरं नाही. ड जीवनसत्त्वाशिवाय ती पूड नीट शोषली जात नाही, आणि ते तयार व्हायला ऊन किंवा यूव्हीबी दिवा लागतो. खिडकीच्या काचेआडचं ऊन उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते.

घर शाकाहारी असलं तरी हे कासव शाकाहारी नाही. रानात ते गांडुळं, गोगलगायी, अळंबी, बेरी सगळं खातं, आणि पिल्लं तर पाल्यापेक्षा किडेच जास्त. निव्वळ भाजीवर त्याला ठेवायचं असेल, तर ते पाळू नये.

आणि जंगलात दिसलेलं बॉक्स टर्टल घरी आणणं म्हणजे ‘वाचवणं’ नव्हे. मादी वयात यायलाच बरीच वर्षं घेते आणि वर्षाला मोजकीच अंडी घालते; 1995 पासून या कासवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ (CITES) या वन्यजीव-व्यापार कराराच्या नियमांखाली आहे आणि अनेक राज्यांत ती रानातून उचलायलाच बंदी आहे. हे वाचून पुण्या-मुंबईत कोणाला तारा कासव पाळावंसं वाटलं, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.