डोंगरमाथ्यावरचे शहर आणि त्याला पोसणारी शेती

जुन्या शहरांचे अवशेष पाहताना आपली नजर प्रथम दगडी बांधकामाकडे जाते. मंदिरे कोणी बांधली, राजे कोण होते, लढाया कोठे झाल्या याची माहिती आवडीने सांगितली जाते. परंतु एवढ्या लोकांचे पोट कोणत्या शेतीवर भरत होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. शेतकऱ्याने मात्र हाच प्रश्न प्रथम विचारावयास हवा. मेक्सिकोतील मोंते आल्बान या झापोटेक लोकांच्या प्राचीन नगरीकडे या दृष्टीने पाहिल्यास पुष्कळ काही शिकण्यासारखे आहे.

शहराचे स्थान

मेक्सिकोच्या दक्षिण भागात ओआहाका नावाचे राज्य आहे. त्याच्या राजधानीच्या शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर, घाटाचा रस्ता चढून गेल्यावर मोंते आल्बानचे अवशेष लागतात. हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० मीटर, तर खालच्या खोऱ्यापासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास झापोटेक लोकांनी येथे वस्ती केली आणि पुढे डोंगराचा माथा सपाट करून सुमारे ३०० मीटर लांब व २०० मीटर रुंद असे प्रांगण तयार केले. त्याच्या चारही बाजूंना पायऱ्यांची उंच बांधकामे आहेत. युनेस्कोने १९८७ साली या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

प्रांगणात उभे राहिले की खाली खोऱ्याचे तीन फाटे तीन दिशांना गेलेले दिसतात. तिन्ही फाटे या डोंगराच्या पायथ्याशी एकत्र येतात. संरक्षण व देखरेख या दोन्ही दृष्टींनी जागा उत्तम. परंतु माथ्यावर ना नदी, ना सपाट जमीन. तरीही भरभराटीच्या काळात, म्हणजे इसवी सन ५०० ते ७०० च्या सुमारास, येथे सुमारे २५ हजार लोक राहत असावेत, असा पुरातत्त्वज्ञांचा अंदाज आहे. डोंगरउतारावर दोन हजारांहून अधिक पायऱ्या, म्हणजे मजगीसारखे सपाट टप्पे, मोजण्यात आले आहेत. त्यांवर प्रामुख्याने घरे होती.

धान्याचा हिशेब

आता थोडा हिशेब करू. मका हे येथील मुख्य अन्न. माणशी वर्षाला दीड ते दोन क्विंटल मका धरला, तर २५ हजार लोकांना सुमारे ४० ते ५० हजार क्विंटल धान्य लागेल. झापोटेकांकडे बैल नव्हते, घोडे नव्हते आणि गाडीही नव्हती. सर्व माल माणसाच्या पाठीवरून वाहून न्यावा लागे. एका खेपेस ३० किलोचे ओझे धरल्यास रोज साडेतीनशे ते साडेचारशे ओझी हा डोंगर चढून वर जावयास हवीत, तीही वर्षाचे बाराही महिने. उतारावरील परसबागांतून काही पिकत असले, तरी शहराचा खरा आधार खालच्या शेतकऱ्यावरच होता, हे यावरून स्पष्ट होते.

प्रांगणाच्या दक्षिण भागात बाणाच्या टोकासारख्या आकाराची एक इमारत आहे. तिच्या भिंतीतील कोरीव शिळांवर निरनिराळ्या गावांची चिन्हे आहेत. ही जिंकलेली किंवा खंडणी देणारी गावे असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर ज्यांच्या घामावर शहर जगले, त्या मुलखाचीच ही नोंद म्हणावी लागेल.

पाऊस आणि जमीन

ओआहाका खोऱ्यात वर्षाला साधारणपणे ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पाऊस मे ते ऑक्टोबर या काळात येतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये बहुधा उघडीप देतो. आपल्या अवर्षणप्रवण भागातील शेतकऱ्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. झापोटेकांच्या कोसिहो या पर्जन्यदेवतेच्या मातीच्या मूर्ती थडग्यांतून मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत, त्याचे कारणही यातच आहे. मात्र हे लोक केवळ देवावर विसंबून राहिले नाहीत.

नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत पाणी जेथे तीनेक मीटरवर लागे, तेथे शेतातच लहान लहान विहिरी खणल्या जात. घागरीने पाणी शेंदून ते एकेका रोपाच्या बुडाशी ओतले जाई. पाणी नेमके मुळाशी पडत असल्याने नासाडी कमी होई. मोंते आल्बानपूर्वीपासून चालत आलेली ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही या खोऱ्यात आढळल्याची नोंद आहे. डोंगराच्या पायथ्याला होहोकोत्लान गावाजवळ घळीत घातलेल्या बांधाचे आणि सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या पाटाचे अवशेष मिळाले आहेत. उताराच्या हलक्या जमिनीत मात्र बहुतांशी पावसाच्या भरवशावरच पेरणी होत असे.

बियाण्यातील सुधारणा

या शेतीची मुळे शहरापेक्षा फार जुनी आहेत. याच खोऱ्यात मितला गावाजवळ गिला नाकित्स नावाची गुहा आहे. पुरातत्त्वज्ञ केंट फ्लॅनरी यांनी १९६६ साली तेथे उत्खनन केले. तेथील भोपळ्याच्या बिया सुमारे १० हजार वर्षांपूर्वीच्या, तर मक्याची कणसे सुमारे ६,२५० वर्षांपूर्वीची ठरली आहेत. ही कणसे बोटाहूनही लहान होती. तिओसिंते नावाच्या रानगवतापासून निर्माण झालेले हे पीक पिढ्यान्‌पिढ्या चांगली कणसे बियाण्यासाठी राखून शेतकऱ्यांनी वाढविले.

ॲन कर्कबी यांनी या खोऱ्यातील जमीन व पाण्याच्या वापरावरील अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध केला. हेक्टरी २०० ते २५० किलो मका मिळणार असेल तरच जमीन साफ करून पेरणे शेतकऱ्याला परवडते, असे त्यात आढळून आले. कणीस लहान होते तेव्हा चांगली गाळाची जमीनच ही मर्यादा ओलांडू शके. कणीस मोठे होत गेले तशी पायथ्याची हलकी जमीनही लागवडीखाली आणणे शक्य झाले. डोंगरावर शहर उभे राहण्याआधी शेतात कणीस मोठे व्हावे लागले, ते असे.

मका एकटा पेरला जात नसे. मका, घेवडा आणि भोपळा यांच्या मिश्र पिकाला मेक्सिकोत मिल्पा म्हणतात. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटाचा आधार घेतो आणि मुळांवरील गाठींमुळे नत्र स्थिर करतो. भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल टिकवितात व तणाला आळा घालतात. एक पीक गेले तरी दुसरे काही तरी हाती लागते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळण्याची रीतही जुनी आहे. त्यामुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला उपलब्ध होते आणि कॅल्शियमही मिळते.

शहर गेले, शेतकरी राहिला

इसवी सन ८०० च्या सुमारास मोंते आल्बानची उतरती कळा सुरू झाली. खोऱ्यातील इतर गावांची सत्ता वाढली, जुने राजकीय संबंध तुटले, वाढत्या लोकसंख्येचा जमिनीवर ताण पडला अशी निरनिराळी कारणे सांगितली जातात. पुढे मिश्तेक लोकांनी येथील जुनी थडगी पुन्हा वापरली. त्यांपैकी सात क्रमांकाच्या थडग्यातून १९३२ साली अल्फोन्सो कासो यांना सोन्याचे व इतर मौल्यवान दागिने मिळाले. ते आज ओआहाका शहरातील संग्रहालयात पाहावयास मिळतात.

परंतु झापोटेक लोक नाहीसे झाले नाहीत. ते खोऱ्यातील मितला, साचिला यांसारख्या गावांतून राहिले आणि आजही त्यांची भाषा लाखो लोक बोलतात. मेक्सिकोतील मक्याचे सुमारे ६० वाणसमूह ओळखले जातात. त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या ओआहाका राज्यात आढळतात. कोठे उशिरा आलेल्या पावसाला जुळणारा, कोठे हलक्या जमिनीत तगणारा असे हे वाण शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतात जतन केले आहेत. संग्रहालयातील सोन्याला पहारा आहे. हे बियाणे मात्र दरवर्षी पेरले तरच टिकते. तरुण मंडळी गाव सोडून जाऊ लागली की एखाद्या घराबरोबर एखादा वाणही संपतो.

आपल्या शेतातील मका व मिरची ही पिके मूळची मेक्सिकोकडचीच असून पोर्तुगीजांच्या काळात ती भारतात आली, असे मानले जाते. म्हणजे त्या शेतकऱ्यांचे आपणही देणेकरी आहोत. आपल्या गावात ज्वारी, बाजरी, मिरची, वाल यांचा एखादा गावठी वाण अजून कोणाकडे असेल, तर तो निदान एका वाफ्यात दरवर्षी पेरावा, बी निवडून राखावे आणि त्याचे गुण वहीत लिहून ठेवावेत. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार अशा वाणाची नोंदणी शेतकऱ्याच्या नावे करता येते. त्यासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.