खोक्यातील टेबलाची साक्ष

एका पावसाळ्यातील गोष्ट आहे. आमच्या शेजारची मुलगी तेव्हा नववीत होती. पुढचे वर्ष दहावीचे, म्हणून तिच्या बाबांनी अभ्यासासाठी एक टेबल ऑनलाइन मागवले. किंमत साडेसहा हजार रुपये. चार महिने थोडे थोडे बाजूला टाकून जमवलेले हे पैसे होते. एके दिवशी सकाळी अकरा वाजता माणूस आला, दारात भले मोठे खोके ठेवून गेला. घरात आनंदीआनंद झाला. पण खोके उघडले आणि सर्वांचे चेहरे उतरले. टेबलाच्या वरच्या फळीचा एक कोपरा चेचला होता, आणि बाजूची एक फळी खालच्या कडेला पावासारखी फुगली होती!

बाबा म्हणाले, "जाऊ दे, ती बाजू भिंतीकडे करून ठेवू." आई म्हणाली, "पैसे परत मागा." विक्रेत्याला फोन केला तर उत्तर आले, "आमच्याकडून माल कोरडा आणि धडधाकट निघाला. तुमच्या घरी भिजला असेल, किंवा जोडताना आपटला असेल."

आता काय करायचे? एक म्हणतो तुमच्याकडे बिघडले, दुसरा म्हणतो तुमच्याकडे. पाहणारा तिसरा कोणीच नाही. पण खरेच कोणी नाही का? विद्यार्थी मित्रांनो, या भांडणात एक साक्षीदार पहिल्यापासून हजर होता. तो म्हणजे ते टेबल! त्याची साक्ष कशी वाचायची, ते आज पाहू.

फळी का फुगते?

पावसाळ्यात जुन्या घरांची दारे घट्ट बसतात, हे तुम्ही पाहिले असेल. लाकूड सेल्युलोज नावाच्या पदार्थाच्या लांब रेणूंचे बनलेले असते. या रेणूंवर हायड्रॉक्सिल गट असतात, आणि ते पाण्याच्या रेणूंना आपल्याकडे खेचून धरतात. पाणी पेशींच्या भित्तिकांत शिरले की त्या जाड होतात, म्हणून लाकूड फुगते. हवा कोरडी झाली की पाणी निघून जाते आणि दार पुन्हा सैल होते.

पण आजकालची पुष्कळशी स्वस्त टेबले अखंड लाकडाची नसतात. ती पार्टिकल बोर्डची असतात. लाकडाचे बारीक तुकडे आणि भुसा घेऊन त्यात डिंकासारखे काम करणारे रेझिन मिसळतात. हे रेझिन बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचे असते. मग ते मिश्रण तापवून मोठ्या दाबाखाली दाबतात. अशी तयार झालेली फळी सपाट व स्वस्त असते. तिच्या दोन्ही बाजूंना गुळगुळीत लॅमिनेट चिकटवले की ती दिसायलाही छान दिसते.

या फळीत पाणी शिरले तर दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे लाकडाचे तुकडे इतर लाकडासारखेच फुगतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे तुकडे कारखान्यात दाबून बसवलेले असतात. पाण्याने रेझिनची पकड ढिली झाली की ते दाबलेल्या स्पंजासारखे मोकळे होऊ पाहतात. यामुळे फळीची जाडी खूपच वाढते. पुढे फळी वाळली तरी ती मूळ जाडीवर येत नाही, कारण सुटलेली पकड वाळल्याने परत जुळत नाही. अशा फुगीर भागात स्क्रूही नीट धरत नाही. तेव्हा फुगलेली बाजू भिंतीकडे लपवून चालणार नव्हते. टेबलाचा भार पेलणारी फळीच कमजोर झाली होती.

तीन साक्षी

आमच्या शेजारच्या मुलीने पट्टी घेतली आणि फळीची जाडी मोजली. चांगल्या भागात ती १८ मिलिमीटर भरली, फुगलेल्या कडेला २२ मिलिमीटर. म्हणजे वाढ ४ मिलिमीटर, शेकडा सुमारे २२. लॅमिनेटमधून पाणी सहसा आत जात नाही. ते उघड्या कडेतून हळूहळू मुरत जाते. इतकी जाडी वाढायला काही मिनिटे पुरत नाहीत, फळी तासन्‌तास ओली राहावी लागते. खोके घरात आल्याची वेळ फोनवरील संदेशात होती, ११ वाजून ५ मिनिटे. मोजमापाचा फोटो ११ वाजून ४० मिनिटांचा होता. ही पहिली साक्ष.

दुसरी साक्ष पुठ्ठ्याची. खोक्याच्या तळापासून सुमारे नऊ सेंटिमीटर उंचीवर एक तपकिरी, नागमोडी रेषा होती. पुठ्ठा पाण्यात उभा राहिला की केशाकर्षणाने पाणी त्यात वर चढते आणि सोबत मळ व रंगद्रव्येही नेते. पाणी वाळते तेथे ही द्रव्ये रेषेच्या रूपाने मागे राहतात. हाताला पुठ्ठा कोरडा लागत होता, पण रेषा स्पष्ट होती. याचा अर्थ, खोके आधी केव्हातरी भिजले आणि नंतर वाळले. फळीची फुगलेली कड याच रेषेच्या खाली होती.

तिसरी साक्ष सर्वांत बारीक होती. फळी आणि तिच्यावरील प्लॅस्टिक यांच्यामध्ये बुरशीचे पांढुरके ठिपके होते. शिळ्या भाकरीवर बुरशी दिसायला किती वेळ लागतो, हे तुम्हांला माहीत आहे. बुरशीचे बीजाणू रुजून डोळ्यांना दिसण्याइतकी वाढ व्हायला दिवस लागतात, अर्धा तास नव्हे. म्हणजे फळी ओली झाली ती आपल्या दारात येण्याच्या कितीतरी आधी.

कोपरा कसा चेचला?

आता चेचलेल्या कोपऱ्याकडे वळू. समजा, २० किलोग्रॅमचे खोके एक मीटर उंचीवरून पडले. गुरुत्वाकर्षणामुळे होणारे त्वरण सोपेपणासाठी १० धरू. मग जमिनीवर आदळताना त्याच्याकडे २० गुणिले १० गुणिले १, म्हणजे २०० ज्यूल ऊर्जा असते. ही ऊर्जा कोठेतरी खर्च व्हायलाच हवी. कोपऱ्यावर थर्मोकोलचा जाड तुकडा असेल आणि तो २ सेंटिमीटर दबून खोक्याला थांबवत असेल, तर सरासरी बल येते १०,००० न्यूटन. थर्मोकोल नसेल आणि टेबलाचा कोपराच २ मिलिमीटर दबून थांबत असेल, तर तेच बल १,००,००० न्यूटन होते. दहापट! शिवाय ते सबंध फळीवर न पसरता एका टोकावर पडते, त्यामुळे दाब प्रचंड होतो. नाजूक मालाच्या खोक्यात कोपऱ्यांना जाड आवरण का घालतात, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

त्या खोक्यात चेचलेल्या कोपऱ्याजवळ थर्मोकोल नव्हताच. पुठ्ठाही नेमका त्याच ठिकाणी आत दबला होता. टेबल घरात जोडताना आपटले असते, तर खोक्याचा कोपरा का दबला असता?

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. साक्ष दोन्ही बाजूंनी बोलते. स्क्रू गरजेपेक्षा जास्त पिळला की त्याच्याभोवती फळीला तडे जातात आणि आतला भुसा बाहेर येतो. अशी खूण दिसली आणि खोके मात्र धड असले, तर चूक बहुधा जोडणाऱ्याची, म्हणजे आपलीच. ती दुसऱ्याच्या माथी मारणे हे अप्रामाणिकपणाचे आणि अशास्त्रीयही आहे.

पुरावा जपावा कसा?

साक्षीदार असला तरी त्याची साक्ष लगेच नोंदवावी लागते. खोके रद्दीत गेले, टेबल जोडून झाले, की अर्धी साक्ष नाहीशी होते. म्हणून मोठी वस्तू आली की पुढील गोष्टी कराव्यात.

१. खोके उघडण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो काढावेत. उघडताना चित्रफीत घ्यावी.

२. माल पाहिल्याशिवाय "माल चांगल्या स्थितीत मिळाला" असे लिहून देऊ नये. खोके दबलेले दिसले तर पावतीवर तसा शेरा लिहावा.

३. बिघाडाशेजारी पट्टी ठेवून फोटो घ्यावा. "खूप फुगली आहे" हे मत झाले. "१८ ऐवजी २२ मिलिमीटर" हे निरीक्षण झाले.

४. निकाल लागेपर्यंत टेबल जोडू नये, वापरू नये. खोके, बिल आणि सर्व संदेश जपून ठेवावेत.

५. तक्रार त्याच दिवशी लेखी करावी. परतीची मुदत पुष्कळदा थोड्या दिवसांचीच असते. तक्रारीत पैसे परत हवेत की टेबल बदलून हवे, हे स्पष्ट लिहावे.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्याला राष्ट्रपतींची संमती २४ डिसेंबरला मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्रात ही चळवळ त्याच्याही आधीची. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे. पुढे ऑनलाइन खरेदीचे युग आले आणि जुन्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. तो जुलै २०२० मध्ये अमलात आला, आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियमही आले.

या नियमांनुसार माल सदोष असेल, किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास व पैसे देण्यास नकार देता येत नाही. ऑनलाइन विक्रीच्या कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क जाहीर करावा लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, असे बंधन आहे.

एवढ्यानेही काम झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी दूरच्या शहरात असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ती ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. तुम्ही अजून सज्ञान नाही, म्हणून तक्रार आईवडिलांच्या नावाने करावी.

या कायद्यात विज्ञानालाही जागा आहे! मालातील दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणजे शेवटी निवाडा कोणाचा आवाज मोठा यावर होत नाही, तर नमुना काय सांगतो यावर होतो.

स्वतः करून पहा

जवळच्या सुताराकडून पार्टिकल बोर्ड, प्लायवूड आणि सागवान यांचे टाकाऊ तुकडे आणा. शाळेतील व्हर्निअरने त्यांची जाडी मोजून लिहून ठेवा. मग ते पाण्यात बुडवा. तरंगू नयेत म्हणून वर वजन ठेवा. दर तासाला बाहेर काढून त्याच जागी मोजा. शेवटचे मोजमाप दुसऱ्या दिवशी घ्या. नंतर तुकडे आठवडाभर सावलीत वाळवून पुन्हा मोजा. वेळ आणि जाडी यांचा आलेख काढा. कोणता तुकडा मूळ जाडीवर परत येतो, आणि कोणता येत नाही? पहिल्या तासात कोणता किती फुगतो? शिक्षकांना विनंती, की या आलेखावर वर्गात चर्चा घडवून आणावी.

आणि त्या टेबलाचे काय झाले? मुलीने मोजमापे, वेळा आणि सात फोटो असलेले एक पानभर पत्र लिहिले. बाबांनी सही करून ते तक्रार अधिकाऱ्याला पाठवले. पत्रात एकही रागाचा शब्द नव्हता. तीन आठवड्यांनी माणूस येऊन टेबल घेऊन गेला, आणि साडेसहा हजार रुपये बाबांच्या खात्यात परत आले. नवे टेबल त्यांनी बाजारात जाऊन, हाताने कड चाचपून घेतले. मुलीने पट्टी बरोबर नेली होती, हे वेगळे सांगायला नकोच!