तारीख वेगळी, वेळ वेगळी : दुकानाचा प्रोग्राम करून घेताना एवढे जरूर पाहा

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, खातेवही आखताना आपण तारखेचा रकाना आखतो, वेळेचा आखत नाही. उधारीचा वायदा पंधरा तारखेचा असतो. पंधरा तारखेला किती वाजता, हे कोणी विचारत नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे ‘तारीख’ आणि ‘वक्त’ हे दोन शब्द होते आणि दोन गोष्टी होत्या. संगणकाच्या प्रोग्राममध्ये मात्र या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच डब्यात भरल्या जातात. त्यातून काय घोळ होतो, तो आम्ही आमच्या दुकानात पाहिला. इतरांना उपयोग व्हावा म्हणून येथे सांगत आहोत.

आमचे कापडाचे दुकान दोडामार्गला आहे. १९९९ साली हा तालुका सावंतवाडीपासून वेगळा झाला. गोव्याची हद्द अगदी लागून असल्यामुळे डिचोलीकडचे शिंपी आणि छोटे दुकानदार आमच्याकडून माल नेतात. माल दुसऱ्या राज्यात जातो, तेव्हा बिल चोख लागते. जीएसटी आल्यानंतर एका वर्षी मार्चच्या मध्यावर आम्ही ओळखीच्या एका मुलाकडून बिलांचा प्रोग्राम करून घेतला. पडद्यावर सर्व काही ठीक दिसत होते. एप्रिल संपल्यावर हिशेबनीसांनी महिन्याचा तक्ता काढला, तर १ एप्रिलचे एकही बिल त्यात नाही! शोधाशोध केली तेव्हा ती सगळी बिले ३१ मार्चच्या नावावर सापडली. नव्या आर्थिक वर्षाचे बिल क्रमांक १ जुन्या वर्षात जाऊन बसले होते. गिऱ्हाईक व्यापाऱ्याच्या वहीत तेच बिल एप्रिलचे होते. तक्ता तसाच भरला असता तर आमचा कर चुकीच्या वर्षात गेला असता आणि समोरच्याची कराची वजावटही अडकली असती.

चूक कोठे होती? मुलाने बिलाची तारीख ठेवण्यासाठी प्रोग्रामच्या भाषेतला जो प्रकार निवडला, त्यात तारखेबरोबर वेळ असावीच लागते. वेळ दिली नव्हती म्हणून संगणकाने आपल्या मनाने रात्रीचे बारा धरले. पुढे ही नोंद साठवताना तिचे जागतिक वेळेत रूपांतर झाले. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे आपल्याकडे १ एप्रिल सुरू होतो, तेव्हा जागतिक घड्याळात ३१ मार्चच्या संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. दुकानातला संगणक बिल दाखवताना ते साडेपाच तास परत मिळवत होता, म्हणून पडद्यावर चूक दिसत नव्हती. महिन्याचा तक्ता मात्र दूरच्या सर्व्हरवर तयार होत होता आणि तेथे जागतिक वेळ चालत होती. त्याने वेळ छाटून तारीख तेवढी ठेवली : ३१ मार्च. रोजच हे होत होते. पण १८ तारखेचे बिल १७ला गेले तर महिन्याच्या बेरजेत फरक पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही.

एकाच क्षणी दोन तारखा असणे आपल्या लोकांना नवे नाही. १ जानेवारी १९०६ पासून देशात भारतीय प्रमाण वेळ लागू झाली, तरी मुंबई महापालिकेने १९५५ पर्यंत आपला ‘बॉम्बे टाइम’ चालू ठेवला होता. तो ३९ मिनिटे मागे असे. रेल्वेच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटे झाली, म्हणजे नवी तारीख लागली, तरी महापालिकेच्या घड्याळात अजून आदलीच तारीख असे.

तेव्हा प्रोग्राम करून घेण्यापूर्वी प्रत्येक नोंदीबद्दल ठरवावे, की येथे फक्त तारीख हवी, फक्त वेळ हवी, की दोन्ही हवीत.

फक्त तारखेची नोंद म्हणजे बिल, वायदा, चेक. चेकवर तारीख असते, वेळ नसते. १ एप्रिल २०१२ पासून त्याची मुदत तारखेपासून तीन महिने आहे. मुदतीच्या वचनचिठ्ठीचेही तसेच. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट सांगतो, की महिन्याची मुदत मोजताना पुढच्या महिन्यात ती तारीखच नसेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरावा आणि वर सवलतीचे तीन दिवस द्यावेत. म्हणजे साध्या वर्षात ३१ जानेवारीच्या एक महिन्याच्या चिठ्ठीची मुदत २८ फेब्रुवारीला भरते आणि ती ३ मार्चला देय होते. लक्षात घ्या, एक महिना आणि तीस दिवस या दोन वेगळ्या मुदती आहेत. जावा भाषेत केवळ तारखेचा जो प्रकार आहे, त्यात ३१ जानेवारीला एक महिना मिळवला तर २८ फेब्रुवारी येतो, म्हणजे कायद्याप्रमाणेच. जावास्क्रिप्टच्या जुन्या ‘डेट’मध्ये महिन्याचा आकडा एकाने वाढवला तर उत्तर ३ मार्च येते, आणि सवलतीचे तीन दिवस त्यावर मिळवले की ६ मार्च. त्या प्रकाराचे नाव ‘डेट’ असले तरी आत तारीख नसते. १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद झाले तो आकडा असतो.

फक्त वेळेची नोंद म्हणजे दुकान उघडण्याची वेळ, मशिदीतील जमातची वेळ. सकाळी साडेनऊ हे रोजचेच असते, त्याला तारीख चिकटवू नये.

काही नोंदींत मात्र तारीख आणि वेळ दोन्ही लागतात. यंत्रमागाची रात्रपाळी रात्री आठ ते सकाळी आठ असते. प्रोग्रामने केवळ वेळा वजा केल्या, तर आठातून वीस जाऊन उत्तर उणे बारा येते आणि कारागिराच्या मजुरीचा हिशेब बिघडतो. येण्याची तारीख आणि जाण्याची तारीख सोबत असली तर बारा तास बरोबर निघतात. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तेथून मुलाने रात्री अकराला ऑर्डर पाठवली, तर आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात आणि तारीख बदललेली असते. अशा नोंदीत कोणत्या देशाची वेळ, हेही लिहून ठेवावे लागते.

चंद्राच्या तारखेचेही असेच. ती रात्री बाराला नव्हे, मगरिबला बदलते. गुरुवारी संध्याकाळी सूर्य बुडाला, की आपण शबे-जुमा म्हणतो. कॅलेंडरवर मात्र गुरुवारच असतो. गुरुवारी रात्री आठला जन्मलेल्या मुलाची नोंद करताना वेळ टाकून दिली, तर हिजरी तारीख एका दिवसाने चुकेल. म्हणून वेळ सरसकट छाटणे हाही उपाय नव्हे.

आमच्या सरहद्दीच्या धंद्यातले उदाहरण ई-वे बिलाचे. एरवी पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर जाताना हे बिल लागते. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. पण तो दिवस चोवीस तासांचा नाही. गाडीचा तपशील ज्या तारखेला भरला, तिच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री तो संपतो. ९ तारखेला रात्री ११.५५ला तपशील भरला, तर मुदत १० तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत. तोच १० तारखेला रात्री १२.०५ला भरला, तर ११ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत. दहा मिनिटांत पूर्ण दिवसाचा फरक! ज्या प्रोग्रामने नुसते चोवीस तास मिळवले, त्याचे उत्तर दोन्ही वेळा चुकणार. नोंदीतून तारीख वेगळी काढावी, तीत एक दिवस मिळवावा, मग मध्यरात्रीची वेळ जोडावी, हीच बरोबर रीत.

साधने आज सहज मिळतात. एक्सेलमध्ये तारीख हा पूर्णांक असतो आणि वेळ हा अपूर्णांक. १ जानेवारी २००० म्हणजे ३६५२६. त्याच दिवशी संध्याकाळचे सहा म्हणजे ३६५२६.७५. ‘इंट’ या सूत्राने तारीख सुटी होते. राहिलेला अपूर्णांक म्हणजे वेळ. पायथॉनमध्ये ‘डेट’, ‘टाइम’ आणि ‘डेटटाइम’ असे तीन वेगळे प्रकार आहेत आणि ‘कम्बाइन’ने तारीख व वेळ जोडता येतात. जावाने २०१४ साली ‘लोकलडेट’ आणि ‘लोकलटाइम’ दिले. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये ‘डेटओन्ली’ आणि ‘टाइमओन्ली’ २०२१ साली आले. त्यामुळे प्रोग्राम करणारा ‘ही सोय भाषेतच नाही’ असे म्हणाला, तर या नावांची आठवण करून द्यावी.

पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी स्वतः तपासून घ्याव्यात. १ एप्रिलचे बिल बनवून ते महिन्याच्या तक्त्यात एप्रिलमध्येच येते का? ३१ जानेवारीला एक महिना मिळवला तर काय येते? रात्री ११.५५ आणि १२.०५ च्या नोंदी आपापल्या तारखेत पडतात का? रात्रपाळीचे तास बारा निघतात का?

आमच्या प्रोग्राममध्ये त्या मुलाने बिलाचा रकाना केवळ तारखेचा केला आणि जुनी बिले एकेक करून सुधारली. त्याला दोन दिवस लागले. तक्ता भरून झाला असता, तर हेच काम कर सल्लागाराकडे जाऊन, दंड-व्याज भरून आणि गिऱ्हाइकांची समजूत घालून करावे लागले असते.